पऱ्हाटीची राख

जळगावात मी ज्या ओळीत राहायचे तिथं पाच घरं होती आणि माझं शेवटचं. दोन खोल्या, मागे मोरी-संडास, आणि हातभर अंगणात लिंबाचं एक झाड. पाचही घरांचं पाणी जमिनीखालच्या एकाच पाइपातून माझ्या मोरीमागच्या चेंबरमध्ये यायचं आणि तिथून पुढे नगरपालिकेच्या गटाराला मिळायचं. निदान मिळावं अशी अपेक्षा होती. पाइप तुंबला की पाणी सगळ्यात खालच्या जागी वर यायचं, आणि सगळ्यात खालची जागा माझी मोरी. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. दर दीड-दोन महिन्यांनी हे व्हायचंच.

सकाळी शाळेत जायच्या घाईत मोरीत गुडगुड ऐकू यायची. पाहता पाहता जाळीतून काळं पाणी वर यायचं. त्यात कुणाच्या तरी तुरीच्या डाळीची सालं, कुणाची चहापत्ती, केसांचे गुंतवळ. आणखी काय काय असायचं ते लिहीत नाही. मी पदर खोचून डबड्यानं पाणी उपसायचे, अंगणापलीकडच्या नालीत ओतायचे आणि चारी घरांना ऐकू जाईल असं बोलायचे. माझा आवाज वर्गातला, तो कमी पट्टीत निघायचा नाही. चारही दारांवर जाऊन मी सांगून आले होते, केस मोरीत टाकू नका, चहापत्ती टाकू नका, चिंध्या टाकू नका. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आमच्याकडे तर नाही बाई तुंबत." तुंबेल कसं? तुमचं सगळं माझ्याकडे येतं ना!

घरात मी एकटी होते. नवऱ्याचं घर सोडून आले होते. का सोडलं ते इथं सांगायचं कारण नाही, पण पुरेसं कारण होतं. माहेर धरणगावजवळच्या एका खेड्यात. वडील गेलेले, घरात धाकटा भाऊ कर्ता. त्यानं ओट्यावर उभं राहून सांगितलं होतं की नांदायला जायचं नसेल तर या घराची पायरीही चढू नको. मी नाही चढले. राग माझ्याही नाकावर होताच. डी.एड. झालेलं होतं, जळगावात शाळेत नोकरी मिळाली, संपला विषय. आई भावाच्या पाठीमागे दारात उभी होती. ती तेव्हा काहीच बोलली नाही, आणि त्याचा राग मी बरीच वर्षं धरून होते.

तरी आईनं एक वाट काढली. आमच्या गावचेच एक नाना एसटीत कंडक्टर होते, त्यांची गाडी जळगावला यायची. महिन्यातल्या एका रविवारी मी स्टँडवर जायचे. नाना सीटखालून एक पिशवी काढून माझ्या हातात द्यायचे. "ताई, तुनी मायनी धाडेल शे." पिशवी आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याची, हातानं शिवलेली, तोंडाशी सुतळी. आत राख.

हो, राख. चुलीत जाळलेल्या पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, दोनदा चाळलेली, मैद्यासारखी मऊ. भांडी घासायला. आईला पावडरीचा तिटकारा होता, पावडर हात खाते म्हणायची. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते मला पहिल्याच पिशवीला समजलं होतं. डाळ पाठवली असती, तूप पाठवलं असतं, ज्वारीच्या बिबड्या-पापडांचा डबा पाठवला असता, तर भावाच्या नजरेत आलं असतं. घरातून राख किती गेली हे कोण पाहतं? आईच्या हातात तेवढी एकच गोष्ट अशी होती की जिच्यासाठी तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

मी त्या राखेनं भांडी घासायचे. भांडी ती किती? एक पातेलं, तवा, ताटली, आणि लग्नात मिळालेला पितळी तांब्या. एकट्या बाईचं खरकटं दहा मिनिटांत उरकतं. पण मी घासत बसायचे. तांब्या तर मी रोज घासायचे, काळा पडलेला नसला तरी. संध्याकाळी घरात दुसरा आवाज नसायचा. तांब्यावर राख फिरताना होणारी करकर मला लहानपणापासून ओळखीची होती. आई मोरीत बसली आहे आणि मी पाटावर अभ्यास करते आहे असं वाटायचं. मग पाणी ओतलं की राख मोरीतून खाली जायची.

माझ्यासारख्या शहाण्या बाईच्या हे लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. आमच्या खेड्यात मोरीचं पाणी परसात, केळीच्या नाहीतर आळूच्या बुंध्याशी जायचं. तिथं राख गेली तर झाडाला चांगलीच. गाव सोडून मी पाइपावर राहायला आले होते, पण हाताची सवय परसातलीच राहिली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर लाइन अशी तुंबली की पाणी माझ्या स्वयंपाकाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलं. या वेळी चौथ्या घरापर्यंत, म्हणजे काकूंच्या मोरीपर्यंतही पोचलं, म्हणून सगळ्यांना जाग आली. नगरपालिकेतले एक सफाई कामगार भाऊ येऊन चेंबरमध्ये उतरले. कंबरेएवढ्या घाणीत उभं राहून त्यांनी बांबूच्या कामट्या एकीला एक बांधून पाइपात सारल्या. कामट्या पुढे जाईनात. मग लोखंडी सळई घातली. तासाभरानं सळईच्या टोकाला करड्या रंगाचं ढेकूळ आलं. मग दुसरं, मग घमेलंभर.

मी काठावर उभी होतेच, तोंड सुरू. "पाहा आता, कुणाकुणाच्या घरचं काय काय निघतं ते." चारही घरची माणसं जमली होती.

भाऊंनी एक ढेकूळ हातात फोडलं, चोळून पाहिलं. "बाई, केस नाही, चिंधी नाही. ही राख आहे. चुलीची. साबणाच्या तेलकटात बसून बसून दगड झालीय." मग वर पाहत विचारलं, "चूल कोणाकडे आहे?"

चूल कुणाकडेच नव्हती. कुणाकडे गॅस, कुणाकडे स्टो. माझ्याकडेही स्टोच. पण माझ्या मोरीच्या कट्ट्यावर लुगड्याच्या फडक्याची पिशवी उघडी ठेवलेली होती आणि मागचं दार सताड उघडं होतं. काकूंनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चोराच्या उलट्या बोंबा," त्या म्हणाल्या. फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी हसलं.

वर्गात पोरांना मी पुष्कळदा भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. ते कसं वाटतं ते त्या दिवशी समजलं. सगळे पांगले. भाऊंनी नळावर हातपाय धुतले. मी चहा केला. ते लिंबाखाली बसून प्यायले, मी त्यांना आत बोलावलं नाही. त्या वर्षात माझ्या घरी बसून चहा घेतलेलं तेवढं एकच माणूस, आणि त्यालाही मी अंगणातच बसवलं. जाताना ते म्हणाले, "राख बंद करा बाई. दुसरं काही नाही. लाइन चांगली आहे."

पुढच्या रविवारी मी स्टँडवर गेले ती धुमसतच. कुणावर ते आता सांगता येणार नाही. काकूंवर, भावावर, स्वतःवर, आणि थोडी आईवरही. जिनं दारात तोंड उघडलं नाही आणि आता राख पाठवून माझी शोभा केली. नानांनी पिशवी पुढे केली. मी ती घेतली आणि म्हटलं, "नाना, मायले सांगा, आते राख धाडू नको. आठे पावडर भेटस."

नानांनी विचारलं, "आसंच सांगू?"

"हां. आसंच सांगा."

मोरी तुंबते हे सांगितलं असतं तर आईला पटलं असतं. पण तुंबलेल्या मोरीची गोष्ट गावात जाईल, भावाच्या कानावर पडेल, तो म्हणेल, बघा, हिचा कसा संसार चाललाय. म्हणून पावडर. मला फार ऐट होती.

पुढच्या महिन्यात नानांकडे काही नव्हतं. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. "बरी शे तुनी माय," एवढं ते सांगायचे. मी वाट पाहत होते की राख नाही तर आई दुसरं काहीतरी पाठवेल. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं हे मला माहीत होतं, तरी पाहत होते. मग स्टँडवर जायला मलाच लाज वाटू लागली. रविवारी मी वह्या तपासत बसायचे. मोरी अजिबात तुंबत नव्हती. काकूंशी बोलणं बंद झालं होतं, आता भांडायलाही कारण नव्हतं. कधी कधी वाटायचं, ते काळं पाणी परवडलं.

दोन वर्षांनी आई गेली. निरोप नानांनीच आणला, रविवार नसताना, माझ्या शाळेत येऊन. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. भावानं मला आत येऊ दिलं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि चुलीशी बसले.

चुलीमागे कोनाड्याखाली पिशव्या रचलेल्या होत्या. लुगड्याच्या फडक्याच्या. प्रत्येकीच्या तोंडाशी सुतळी. वरच्या पिशवीचं फडकं हिरवं होतं, ते लुगडं मी तिच्या अंगावर पाहिलेलं होतं. वहिनी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "अक्का, माय दर महिनाले राख चाळीसन भरी ठेये. कसाले, ते आम्हले काय माहित नही. आते फेकी देऊत."

महिन्यामागून महिना चाळून भरलेल्या त्या पिशव्या किती होत्या ते मी मोजलं नाही. मला मोजवलं नाही. एक हिरवी घेतली आणि येताना बसमध्ये मांडीवर धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पितळी तांब्या घेऊन अंगणात गेले. लिंबाच्या बुंध्याशी बसले, राख घेतली, तांब्या घासला आणि पाणी झाडाला ओतलं. झाडानं ते गटागट पिऊन टाकलं. एवढंच करायचं होतं. मोरीत घासायचं नाही, चार पावलं बाहेर येऊन घासायचं. पाइप तुंबला नसता, राख येत राहिली असती, आणि दर महिन्याला कुणीतरी मला सांगितलं असतं की तुझ्या आईनं धाडली आहे. वर्गात चाळीस पोरांना अक्कल शिकवणारीला दोन वर्षांत हे सुचलं नाही. मी तिथंच बसून रडले, मोठ्यानं, वर्गातल्या आवाजात.

काकू भिंतीवरून डोकावल्या. दोन वर्षांनी पहिल्यांदा बोलल्या. "काय हो बाई, बाहेर भांडी घासताय? मोरी पुन्हा तुंबली की काय?"

"नाही," मी म्हटलं, "मोरी अगदी साफ आहे."