रानात शिरलेला नंदी

डोंगरावरच्या आमच्या महादेवाला आम्ही दुष्काळात कोंडले होते, हे आधी सांगितले पाहिजे. गाभाऱ्याची मोरी चिंध्यांनी बुजवून, माणसांना प्यायला न पुरणारे टँकरचे पाणी वर चढवून आम्ही पिंड बुडवून ठेवली. पाऊस पडेपर्यंत सुटका नाही, अशी अट घातली. देवाने ती जरा जास्तच मनावर घेतली. एका दुपारी असा पाऊस कोसळला की ओढा मंडपात शिरला आणि पायऱ्या, ओवरी व वासराएवढा दगडी नंदी घेऊन खाली उतरला.

जीर्णोद्धार समिती लगेच स्थापन झाली. दूध संस्थेचे चेअरमन तिचे अध्यक्ष झाले. संस्थेत तेव्हा दूध नव्हते, चेअरमन मात्र होते. मी सचिव. पायथ्याला एका विधवा बाईच्या रानात नंदी सापडल्याचे कळताच शाल, नारळ आणि बँड घेऊन आम्ही त्याला आणायला गेलो.

नंदी चिखलात बसला होता. त्याच्या गळ्यात कासरा होता आणि कासऱ्याचे दुसरे टोक बाभळीला बांधलेले होते.

“मावशी, हे काय केलं?” चेअरमन ओरडले.

“मोकाट बैल रानात शिरला की बांधून घालत्यात. मालकानं नुकसान भरून दिलं की सोडायचा. तुमच्यात न्हाई का तसं?”

“अवो, देव हाय तो!”

“देव असंल तर जाईल की उठून. मी कुठं धरलंय?”

बँडवाला हसला आणि मग उगाच खोकला.

तिने विहीर दाखवली. ती आमच्या पायऱ्यांनी काठोकाठ भरली होती. सगळ्यांत वरच्या पायरीवर चेअरमनच्या वडिलांचे देणगीदार म्हणून कोरलेले नाव स्वच्छ वाचता येत होते.

“ज्वारी पेरायचीय. पाणी कुठून देऊ?”

चेअरमननी शाल पुढे केली.

“शाल पांघरून पीक येतंय व्हय?”

देवळाच्या नुकसानीचा ठराव मीच लिहिला होता. कळसाचा तडासुद्धा त्यात सुटला नव्हता. पायऱ्या कुणाच्या विहिरीत गेल्या असतील, हा प्रश्न मात्र माझ्या सुबक वाक्यांना पडला नव्हता. त्या दिवशी मला कासऱ्यापेक्षा आमच्या शालीची अधिक लाज वाटली.

बैठकीत नवा नंदी घडवायचे ठरत होते. गुरव शांतपणे म्हणाला, “घडवा की. यात्रेची वाट तिच्या बांधावरूनच हाय. लोक आधी बांधलेला बघतील, मग तुमचा.” चेअरमनना बहुधा वडिलांचे नाव आठवले. दुसऱ्या दिवशी गाळ उपसायची यारी विहिरीवर उभी राहिली. समितीही खाली उतरली. देवाच्या कामात इतका चिखल आम्ही प्रथमच अंगाला लावून घेतला. तळाला पाणी लागल्यावर बाईने स्वतः कासरा सोडला.

नंदीच्या स्थापनेला ती आली नाही. मी प्रसाद घेऊन गेलो, तर ती ज्वारीत दारं धरून, पाटाच्या तोंडाला हाताने माती दाबत, गुडघाभर चिखलात उभी होती.

“बांधावर ठेव, बाबा,” ती म्हणाली. “आत्ता हात सोडला तर पाणी फुटंल.”