उस्ता यदुल्लांचा लाल

इराणातल्या काशानच्या बाजारात कोणी फाटका गालिचा घेऊन आलं की लोक आमच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. दुकान माझं, पण बोट उस्ता यदुल्लांसाठी असायचं. माझ्या वडिलांच्या काळापासून चाळीस वर्षं ते कोपऱ्यातल्या गादीवर, शंभरच्या बल्बखाली रफू करत बसले. हिवाळ्यात बोटं आखडली की त्याच बल्बवर शेकून घेत. कसरीने खाल्लेला गालिचा त्यांनी भरून दिला, की भोक कुठे होतं ते घरच्या बाईलाही सापडत नसे. आता हे मोठ्या तोंडाने सांगतोय खरा, पण त्या माणसाचं मी काय केलं, तेही मलाच सांगायला हवं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी भर दुपारी वीज जायला लागली, तेव्हा बाजाराने ठरवलं, जुने बल्ब काढून एलईडी लावायचे. सगळ्यांच्या आधी मी लावले. स्वस्तातले, पांढरेफटक. उस्ता मान वर करून बघत राहिले.

"बहमन, माझ्या डोक्यावरचा तेवढा राहू दे बाबा. ह्या उजेडात लाल खोटं बोलतो."

"उलट आता सगळं खरं दिसेल, उस्ता," मी हसलो. "जग कुठल्या कुठे गेलं आणि तुम्ही बसा बल्बवर शेकत."

त्यानंतर लोकर निवडायची झाली की उस्ता उठून छताच्या झरोक्याखाली जात आणि उन्हात लडी धरून बघत. मला तो म्हातारचळ वाटायचा, आणि गिऱ्हाइकांसमोर मी तसं बोलूनही दाखवायचो.

पानगळीच्या दिवसांत मोहतरम खानम आपला गालिचा न्यायला आल्या. आजीचा गालिचा, मुलीला लग्नात द्यायचा होता. सोबत होणारी विहीण. शेजारचे दोघे दुकानदार चहा पीत बसलेले. मी ऐटीत गालिचा उलगडला, आणि त्या पांढऱ्या उजेडात मधोमध तळहाताएवढा विटकरी चट्टा उठून दिसला.

"हे ठिगळ कसलं?" विहीण म्हणाली.

मोहतरम खानम ओशाळल्या. उस्ता उठून आले. "उन्हात नेऊन बघा, खानम," एवढंच म्हणाले.

आमच्याकडे काम करणाऱ्या माणसाला 'खस्ते नबाशीद' म्हणतात, म्हणजे दमू नका. भटारी असो की झाडूवाला, दिवसातून शंभरदा म्हणतात. पण बसलेल्या माणसाला उठवायचं असेल तरी हेच शब्द, फक्त जरा ताणून. मला माझं नाक वाचवायचं होतं.

"खस्ते नबाशीद, उस्ता," मी ताणून म्हणालो. "डोळ्यांनी पुष्कळ वर्षं साथ दिली तुम्हाला."

शेजाऱ्यांपैकी एक चहाच्या पेल्यात हसला. उस्तांनी रीतीप्रमाणे "सुखी राहा" म्हटलं, सुया फडक्यात गुंडाळल्या, लडींची पिशवी उचलली आणि बूट घालून निघून गेले. माझे वडील त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते.

त्या दोघींची माफी मागत मागत मी तो गालिचा स्वतः उचलून बाहेरच्या चौकात नेला आणि उन्हात पसरला. चट्टा नव्हता. हात फिरवून पाहिला, तरी सापडेना. विहीण गुडघ्यांवर बसून शोधायला लागली. "अगं बाई, गेला कुठे?" ती म्हणाली. मोहतरम खानम माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माणसाला घालवलंत, आगा, आणि दिवा ठेवलात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथूनच धावत जायला हवं होतं. मी गेलो अकराव्या दिवशी. रोज निघायचो आणि गल्लीच्या तोंडावरून परत फिरायचो, असला भेकड मी.

दार सकीना खानमनी उघडलं. "आलात? फारच लवकर आलात," उस्तांची बायको म्हणाली आणि बाजूला झाली.

उस्ता अंगणात उन्हात बसले होते. लडींची पिशवी दिसेना. "वाटून टाकली," ते म्हणाले. "डोळेच गेल्यावर लोकर काय करायची?"

मी सगळं सांगितलं. दोष दिव्याचा होता, उन्हात विहिणीलाही काही सापडलं नाही, तुमचा बल्ब पुन्हा लावलाय, उद्या सगळ्या बाजारासमोर तुमची माफी मागतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खिशातून दोन लाल धागे काढून माझ्यापुढे धरले.

"ह्यात काही फरक दिसतो?"

"नाही, उस्ता. दोन्ही एकच आहेत."

त्यांनी ते उन्हात धरले, डोळ्यांजवळ नेले, लांब केले, पुन्हा जवळ आणले.

"मलाही एकच दिसतात," ते म्हणाले. "पण आता डोळ्यांवर माझा विश्वास बसत नाही, बहमन."

त्यांनी धागे माझ्या हातात दिले आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.