चालत्या स्कूटरवरचा नवस

खराडीतल्या एका देवाला मी सलग सहा वर्षं नमस्कार केला आणि तो देव नव्हता.

आमच्या सोसायटीमागे, जुन्या गावठाणात, एक दगडी कौलारू इमारत आहे. बाहेर चपलांची रांग, उंबऱ्यावर हळदकुंकू, कधीमधी फोडलेला नारळ. ऑफिसला जाताना मी स्कूटर न थांबवता डावा हात छातीला लावायचो. (उजवा ॲक्सिलरेटरवर असतो. देव समजून घेतो.)

लेक दहावीला गेली आणि गणितापायी घरातलं हसू बंद झालं. मी स्कूटरवरूनच नवस बोललो, पोरगी सुटू दे, पितळी घंटा वाहीन. सुटली! काठावर, पण सुटली. मी घंटेवर स्वतःचं नाव ठसठशीत कोरून घेतलं आणि सोवळं नेसून, उघड्या अंगावर उपरणं टाकून, बायको-लेकीसह निघालो.

आत तीस मुलं पाढे म्हणत होती. मला पाहून सगळी उठली आणि एका सुरात म्हणाली, "नमस्ते गुरुजी."

लेकीने भिंतीकडे तोंड केलं. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, सहा वर्षांत एकदा खाली उतरायचं तरी."

मला घंटेची चिंता. नवस फिटला नाही तर पुढे बारावी होती.

नातीला न्यायला आलेल्या पारूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी माझं सोवळं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मग सगळं सांगितलं. गावात शाळा नव्हती, तेव्हा घरटी एकेक दगड बायकांनी ओढ्यावरून डोक्यावर वाहिला. पारूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या.

"ह्यो उंबरा शेखांच्या घरचा, त्यो कोपऱ्यातला धोंडा आमचा हाय," त्या म्हणाल्या. "मला सही येत न्हाई, पर माझ्या तिन्ही पोरी हितं शिकल्या. म्हनून गावात नवी सून आली की आधी हितं कुंकू लावती, मग देवळात जाती."

मला भरून आलं. उपरणं सावरत मी पहिल्यांदाच दोन्ही हात जोडले. वर्गावरच्या बाईंनी घंटा ठेवून घेतली. शाळेची घंटा कधीच तडकली होती.

आता रोज सकाळी सातला ती अशी घणघणते की आमच्या सोसायटीत कुणाला झोप म्हणून मिळत नाही. परवाच्या मीटिंगमध्ये ही घंटा देणारा महाभाग शोधून काढायला समिती नेमली गेली.

समितीचा अध्यक्ष मी आहे.