कॅपो न काढलेला रविवार

मी चौथी शिकलो. तरी गिटारीतलं मला कोणी शिकवायला येऊ नये, असं सत्तरी उलटल्यावरही मी ठणकावून सांगतो. माझा जोडीदार सहावीपर्यंत गेला आणि त्याचा त्याला भारी अभिमान. आम्ही पन्नास वर्षं एकत्र वाजवतोय, पण या दोन इयत्तांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

शिकलो दोघंही भिंगारला, लष्करी बँडातून निवृत्त झालेल्या एका मास्तरांकडे. ते जॅझ वाजवायचे. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, मास्तर शिंकले. त्यांनी सांगितलं, एकानं कॉर्ड धरायच्या, तीन-चार सूर एकदम, म्हणजे खाली सतरंजी अंथरायची. दुसऱ्यानं तिच्यावर मनाला येईल तसं फिरायचं, पण पाय बाहेर पडू द्यायचा नाही. जो फिरतो तो लीड. लीड मी झालो, कारण अँप्लिफायर माझा होता. जोडीदार म्हणतो, याहून चांगलं कारण पन्नास वर्षांत कुणाला सापडलेलं नाही.

पोटासाठी मी केडगावात वेल्डिंग केलं, त्यानं गॅरेजात इंजिनं उघडली. वाजवणं एप्रिलात भीमगीतांच्या मागं, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात, नाताळात त्याच्या चर्चमध्ये. जॅझ फक्त बुधवारी, त्याच्या घरी, दार लावून. लग्नात एकदा मधेच दोन ओळी घुसवल्या तर नवरदेवाचा मामा स्टेजवर चढून काळजीनं म्हणाला, "करंट कमी पडतोय का?"

गेल्या दिवाळीनंतर जोडीदाराला अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सुधारला, बोलणं तर आधीपेक्षा वाढलं, पण डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वळेनात. कॉर्ड धरणाऱ्याची ती बोटं गेली म्हणजे सगळंच गेलं. तशातच भंडारदऱ्याच्या एका हॉटेलवाल्याचं बोलावणं आलं, रविवारी सकाळी अकराला पाहुण्यांसमोर तासभर वाजवायचं.

जोडीदार म्हणाला, "तिथं जमलं तर जमलं. न्हाई तर गिटार चर्चला देऊन टाकतो. मग तू बस एकटा. तसंबी तुला दुसऱ्याचं ऐकायची सवय न्हाई."

मी सगळी गाणी सी या स्वरात बसवली. त्यातल्या कॉर्ड सोप्या, दोन-तीन बोटांत भागतं.

"माझी कीव करतोस व्हय रं?"

"कीव कशाची? तुझ्या हातानं माझी इज्जत जाऊ नये म्हणून करतोय."

आता शनिवारचं सांगतो. आमच्या घरात बायको भजन म्हणते आणि तिचा आवाज चढा. तिच्यासाठी मी गिटारीला कॅपो लावतो. कॅपो म्हणजे गिटारीच्या मानेवर बसवायची चिमटी. ती लावली की सगळे सूर वर सरकतात. शनिवारी संध्याकाळी भजन झालं आणि गिटार तशीच पिशवीत गेली.

स्टेजवर सूर जुळवत बसणं मला पटत नाही. मी घरून जुळवून आणतो. शिकाऊ माणसं चारचौघांत तारा पिळत बसतात. जोडीदारानं मागं खोलीत मोबाईलवर सूर बघून आपली गिटार लावली. आम्ही झाडाखाली दोन खुर्च्यांवर बसलो. समोर नाश्ता करणारी पुण्याची माणसं आणि त्यांच्यामागं धरणाचं पाणी. मी डोळे मिटून सुरुवात केली.

जोडीदारानं पहिली कॉर्ड दिली आणि माझे दात आंबले. दुसरीही तशीच. मी डोळे उघडून त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मान खाली घातली. म्हटलं, संपलं, हात गेला याचा. मग तो थांबला. चार मात्रा काहीच वाजवलं नाही. आणि पुढं जे आलं ते मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. भरलेली कॉर्ड नाही, नुसते दोन-दोन सूर, मधे मोकळी जागा. मला फिरायला एवढं रान कधीच मिळालं नव्हतं.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या. तो वाकून कानाशी म्हणाला, "ती चिमटी काढ की, म्हाताऱ्या."

मी खाली बघितलं. कॅपो पहिल्याच घरात बसलेला. म्हणजे मी सगळं अर्धा सूर वर वाजवत होतो, आणि त्या स्वरातल्या कॉर्ड धडधाकट माणसाची बोटं मोडतात. एक हात पुढं करून काढायचा, एवढंच काम होतं.

"मुद्दाम लावलीय," मी म्हणालो.

"मुद्दाम?"

"लई सोपं हुत हुतं."

एकदा तोंडातून गेलं ते गेलं. मुद्दाम लावलेली वस्तू काढता येत नाही. पुढची सगळी गाणी आम्ही त्याच अवघड स्वरात वाजवली. स्वतःचा कॅपो जोडीदार बाळगत नाही, त्याला ती पळवाट वाटते. त्याचाही ताठा कमी नाही. तासभर त्यानं दोन बोटं तारांवर वरखाली पळवली. अर्ध्यावर एक बाई प्लेट खाली ठेवून फक्त त्याच्याकडे बघत बसल्या. माझ्याकडे नाही, हेही मी पाहिलं.

परत येताना राजूरला चहाला गाडी थांबली. त्यानं डावा हात मांडीवर ठेवून उजव्यानं चोळला आणि मग त्याच उजव्यानं कप उचलला. मला चहा गोड लागेना. मी म्हणालो, "ती चिमटी मुद्दाम नव्हती. इसरलो हुतो."

"म्हाईत हाय."

"मग बोलला का न्हाईस?"

"सोप्यात बसवलं हुतंस तवा मनात म्हणलं हुतं, आज शेवटचं. कीव करून वाजवायचं तर कशाला? पण तू माती खाल्लीस आन् मला काम लागलं." तो चहा फुंकत राहिला. "पण त्या कॉर्डी आता न्हाई धरवायच्या मला. दोन बोटं हायेत, ती मोकळी फिरत्यात. तवा फिरायचं काम माझं. मागं तू बस."

"मी? मागं?"

"न्हाई तर गिटार चर्चला."

माणूस चहाच्या टपरीवर असं धमकावतो आणि वर बिस्कीटही मागतो. मी बिस्कीट दिलं.

तेव्हापासून चार बुधवार झाले, मी कॉर्ड धरतोय. वाटलं होतं, बसल्या जागी करायचं काम आहे. पण तो कुठं वळेल ते आधी ओळखावं लागतं, तो दम घेईल तिथं गप्प बसावं लागतं, आणि सगळा पंजा भरून येतो ते वेगळंच. हे सगळं तो पन्नास वर्षं करत होता. त्याला मी अजून तसं म्हटलेलं नाही. आधीच सहावी शिकलेला माणूस.