हवालदार परबांची पापणी

गेल्या गुरुवारी सकाळी पार्ल्यातल्या आमच्या महापालिकेच्या वाचनालयात चक्क हशा पिकला. ज्या खोलीत खुर्ची सरकवली तरी चार माना रागाने वर होतात, त्याच खोलीत... म्हणून हे लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मागे आमच्या वॉर्डात नागरिकांची बैठक झाली आणि अधिकाऱ्यांनी कामांचा आढावा वाचून दाखवला. वाचनालयाची दुरुस्ती झाली, तिथे वाय-फाय आले आणि दर गुरुवारी माजी सैनिकांसाठी मदतीचे टेबल सुरू झाले... टाळ्या पडल्या.

मी तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. तीन विधाने सुटी सुटी खरी असली, तरी त्यांतून निष्कर्ष आपोआप निघत नाही, हे मी आयुष्यभर शिकवत आलो. त्यामुळे उभा राहून एवढेच विचारले, की या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे ज्याचे काम झाले, असा एक तरी माणूस दाखवाल का?

अधिकारी वयाने लहान होते, पण गडबडले नाहीत. "सर, मी दाखवला तर तुम्ही तो पुरावा मानणार नाही. गुरुवारी या ना, स्वतःच बघा!" सभागृह हसले. उत्तर निर्दोष होते... मी गेलो.

दुरुस्त झालेल्या खोलीत, वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारी ते टेबल होते. एका बाजूला ग्रंथपाल शिल्पाताई, समोर सैन्यातले निवृत्त हवालदार परब. वाकोल्याहून आलेले, ऐंशी ओलांडलेले, पण पाठ कशी सरळ रेषेत. खुर्च्या दोनच असल्याने परबवहिनी मागे पिशवी धरून उभ्या होत्या.

आपण हयात आहोत, हे निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दरवर्षी सिद्ध करावे लागते. परबांच्या बोटांच्या रेषा वयाने पुसट झाल्या आहेत, त्यामुळे बँकेतले यंत्र त्यांचा अंगठा ओळखेना. दाखल्याच्या मुदतीचा महिना संपत आला होता. दाखला झाला नाही, तर पेन्शन थांबणार... आणि घर त्याच पेन्शनवर चालते, हे वहिनींनी मला अगदी हळू आवाजात सांगितले. पिशवीचे बंद त्या सारख्या पिळत होत्या.

अंगठ्याला पर्याय म्हणून आता चेहरा चालतो. मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे बघायचे आणि पापणी लववायची. छायाचित्र पापणी लववत नाही, जिवंत माणूस लववतो... युक्तिवाद म्हणून मला हे मनापासून पटले.

परबांना मात्र अजिबात पटले नव्हते. कॅमेरा समोर येताच त्यांनी छाती पुढे काढली, हनुवटी उचलली आणि नजर अशी रोखली, की पापणी लवण्याची शक्यताच संपली. यंत्राने नकार दिला.

शिल्पाताई कुजबुजल्या, "काका, पापणी हलवा ना जरा."

"फोटोत डोळे मिटले की फोटो बाद," परबही तितक्याच हळू आवाजात म्हणाले. "आमच्याकडे शिस्त होती तशी."

"हा फोटो नाही, काका. डोळे मिटा."

परबांनी डोळे मिटले. आणि मिटलेलेच ठेवले... शिल्पाताई थांबल्या, मी थांबलो, यंत्र थांबले आणि पुन्हा नकार आला. डोळे का उघडले नाहीत, असे विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "उघडा म्हणून हुकूम कुठे आला?"

तिसऱ्या वेळी शिल्पाताईंनी दोन्ही हुकूम दिले. परबांनी ते कवायतीसारखे पाळले: मिट, थांब, उघड. यंत्राला तेही मान्य नव्हते. आता त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला. ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर शाबासकी मिळाली, तीच गोष्ट आज त्यांच्या आड येत होती.

चौथ्या वेळी कॅमेरा सुरू झाला आणि परबवहिनींचा धीर सुटला. भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी त्यांना दिसत होती की नाही, कोण जाणे...

"अवो, मोबाईल हा तो, कर्नल सायेब न्हय! लग्नाआधी माका बघूक इल्लात, तेव्हा कसे पापण्यो फडफडवत होतात? तसे फडफडवा!"

 वर्तमानपत्रांच्या आडून पहिले हसू फुटले आणि सगळी खोली हसली. परबांनी हसू दाबण्याचा फार निकराचा प्रयत्न केला. ओठ आवळले गेले, पण पापण्या हुकमाबाहेर गेल्या... आणि पडद्यावरचे वर्तुळ हिरवे झाले.

"झालं, काका! झालं!" शिल्पाताई स्वतःच मोठ्याने ओरडल्या.

वाय-फाय तेवढा वेळ टिकले आणि दाखला जमा झाल्याचा संदेश परबांच्या मोबाईलवर आला. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. वहिनींनी मात्र पिशवी खांद्याला अडकवली. "चला, आता वर्सभर जित्ते आसात. वाटेत बांगडे घेऊक होये."

माझी अट एका माणसाची होती. तो माणूस मला भेटला, आणि हे मी पुढच्या बैठकीत उभा राहून सांगणार आहे. ज्यांनी हे टेबल मांडले त्यांचे आणि जे ते चालवतात त्यांचे मनापासून आभार.

एक दुरुस्ती मात्र सुचवणार आहे. त्या टेबलाशी तिसरी खुर्ची हवी. दाखला ज्यांच्यामुळे झाला, त्या शेवटपर्यंत उभ्याच होत्या...