वानखडे सरांचा सूर्य आणि गावाचा संशय

स्टाफरूममध्ये किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चहा निवायच्या आत कोणीतरी नवा आणून टाकतंच! आमच्या जानेफळजवळच्या शाळेत सध्या सगळे किस्से एकाच माणसाचे. विज्ञानाचे वानखडे सर. हा माणूस मधल्या सुट्टीत चहा सोडून गच्चीवर जातो, दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडतो आणि मुलांकडून त्यावरच्या काळ्या डागांची चित्रं काढून घेतो. रोज! संशय येणार नाही तर काय? मलाही आला होता.

*

दुर्बीण आली त्याच दिवशी पंढरीकाका फाटकात हजर. काका शाळा समितीचे अध्यक्ष. सख्ख्या भावानं दिलेला चहासुद्धा आधी हुंगून पाहणारा माणूस.

"सर, जमीन मोजून राह्यले काय? रस्ता जाते काय इकून?"

"नाही काका, सूर्य पाहतोय."

"त्याले यंत्र काऊन लागते? तो तं घरूनबी दिसते!"

*

मुख्याध्यापकांचा संशय वेगळा. त्यांनी सरांना आत बोलावलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "वानखडे, खरं सांगा. हा सूर्य परीक्षेत किती मार्कांना आहे?"

"दोन-तीन असतील, सर."

"मग रोज कशाला?"

*

शकीलभाईंच्या मोबाईलच्या दुकानात एकदा सर बोलून बसले, की सूर्यावर मोठं वादळ झालं तर उपग्रह बिघडू शकतात, जीपीएस चुकतं, विजेच्या लाइनीसुद्धा बंद पडू शकतात, म्हणून त्याच्यावर नजर ठेवावी लागते. झालं! तेव्हापासून गावात काहीही बंद पडलं की फोन सरांना.

"सर, रेंज नाई. तुमचंच काम दिसते!"

एका बाईंनी तर पापड नीट वाळले नाहीत म्हणून सरांच्या बायकोशी बोलणं सोडलं. शकीलभाई मात्र खूश! कुठलाही बिघडलेला मोबाईल हातात घेतात, आधी आभाळाकडे पाहतात आणि म्हणतात, "प्रॉब्लेम वरूनच हाय, भाऊ. तरी करून देतो!"

*

शेवटी मीच विचारलं, "सर, एवढं काय आहे हो त्या सूर्यात?"

सर म्हणाले, "बाई, सोयरीक करायची तर आपण पाव्हण्यांचं घर, शेत, विहीर सगळं पाहून येतो. आणि ज्याच्या भरवशावर सगळ्यांचा जन्म जातो, त्याची चौकशीच करायची नाही?"

मुद्दा बिनतोड होता. मला तेच आवडलं नाही.

*

आणि मग तक्रार झाली. 'पोरांचे डोळे जातील!' पंढरीकाका कुलूप घेऊनच आले. सरांचा चेहरा पार उतरला. गच्ची गेली की सगळंच गेलं, शाळेत दुसरी मोकळी जागा नाही. त्यांनी चक्क हात जोडले. "काका, एकही पोरगं दुर्बिणीला डोळा लावत नाही. कागदाकडे पाहतात. एकदा वर या, मग लावा कुलूप."

काका वर आले. कागदावर बशीएवढा सूर्य, मधोमध काळा डाग.

"काच खराब हाय."

सरांनी भिंग काढून दिलं. काकांनी रुमालानं पुसलं. डाग तिथंच. भिंग गोल फिरवलं. डाग हलला नाही. कागद बदलायला लावला. तरी तिथंच!

"केवढा हाय हा?"

"आपली पृथ्वी मावेल त्यात."

काकांनी आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "एवढा मोठा डाग, अन् आमाले आजलोक कोनंच सांगतलं नाई? कोन लपोलं हे?"

काकांनी कुलूप ठोकलं, चावी खिशात घातली आणि निघून गेले. सर जिन्यात बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. चहा नेऊन दिला, तोही त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाहते तर गच्चीचं दार सताड उघडं! काका कागदापुढे खुर्ची टाकून बसलेले.

"या लवकर सर, लावा यंत्र!"

सरांनी धावत येऊन दुर्बीण लावली. कागदावर सूर्य उमटला. काका ताडकन उठले.

"काल डाग मधात होता. आज बाजूले गेला. कोन सरकोला?"

"सूर्य स्वतःभोवती फिरतो, काका."

"तुमी म्हनता म्हनून मानू काय? चावी आता माह्यापाशीच राहीन. रोज येऊन पाहा लागते. माहा या सूर्यावर भरोसा नाई!"