गाडी मी चालवत नव्हतो

साहेबांनी माझी हनुवटी धरली आणि बाटली ओठांना लावली.

"पी."

"साहेब, मी पीत नाई. तुमाले मालूम हाय."

"आज पी. लोकं येऊन राह्यले. लवकर."

अकोल्याहून दर्यापूरकडे येणारा रस्ता. दुपारचे तीन. दोन्ही बाजूंना कपाशी. गाडी तिरपी उभी आणि तिच्यापुढे मातीत एक बाई पडलेली. तिची स्कूटी नालीत. पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. ती ओरडत होती. मी तिच्याकडे धावलो, तर साहेबांनी कॉलर धरून मागे ओढलं. जनावराला औषध पाजतात तसं पाजलं. अर्धी पोटात गेली, अर्धी शर्टावर. मी मुसलमान माणूस, चाळिशी उलटलेली. जन्मात पहिल्यांदा. तोंड पुसायला गेलो तर हात झटकला माझा. वास यायला पाहिजे होता.

साहेब म्हणजे आमच्या गावच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. मी अकरा वर्षं त्यांचा ड्रायव्हर, पगार संस्थेचा. त्या दिवशी अकोल्यात त्यांच्या मित्राच्या मळ्यावर जेवण होतं. जेवण कमी, पिणं जास्त. बाहेर आले आणि हात पुढे केला. "दे चाबी. आज तू बस मालकावानी."

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही. तेवढी चूक माझी. ती मी लपवत नाही.

मग प्यालो कशामुळे? बायको त्यांच्याच शाळेत खिचडी शिजवायची. मुलगी तिथेच नववीत. पण खरं कारण ते नाही. दर ईदला साहेब आमच्या घरी यायचे, चटईवर बसून शीरखुर्मा खायचे. आलेल्या पाहुण्यांना सांगायचे, "हा ड्रायवर नाई, लहान भाऊ हाय माह्या." मी ते खरं मानलं होतं.

ठाण्यात मला यंत्रात फुंकायला लावलं. आकडा आला. हवालदार हसला. "काय मिया, तुमच्यात तं चालत नाई म्हणे?" साहेब समोर खुर्चीवर चहा पीत होते. त्यांना कोणी फुंकायला सांगितलं नाही. दवाखान्यात माझं रक्त काढलं. 'गाडी मी चालवत होतो' असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली.

साहेबांचा वकील म्हणाला, "कोर्टात विचारलं की कबूल म्हनजो. दंड भरला का मोकळा. साहेब हायेत नं."

लायसन जमा झालं. मग सहा महिन्यांसाठी निलंबित. त्यानंतर आठ दिवसांनी संस्थेचं पत्र. मद्यप्राशन करून वाहन चालवल्याने संस्थेच्या प्रतिमेस बाधा पोहोचली आहे, सबब आपणास सेवेतून कमी करण्यात येत आहे. खाली साहेबांची सही.

मला वाटलं, लोकांना दाखवण्यापुरतं असेल. बंगल्यावर गेलो. साहेब ओट्यावर आले, पायऱ्या उतरले नाहीत.

"बेवड्याले ठेवून लोकाईले काय तोंड दाखवू मी?"

तिथे आम्ही दोघंच होतो. नाटक करायला समोर कोणी नव्हतं. तरी ते तसंच बोलले. डोळ्याला डोळा भिडवून.

मी घरी आलो. पत्र पेटीच्या तळाशी ठेवलं.

मग शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. मुलगी घरी आली, दप्तर पाठीवरच. साहेब भाषणात म्हणाले होते, एकदम शुद्ध मराठीत, "माझ्याच वाहनचालकाने दारूपायी एका भगिनीचा पाय मोडला." अख्ख्या वर्गाने वळून तिच्याकडे बघितलं.

"अब्बा, आप पीते क्या?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रडली नाही.

"तो फिर सबको क्यों नहीं बोलते?"

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईच्या घरी गेलो. अंगणवाडी सेविका. पायात सळई घातलेली. मला वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, "मी पायलं होतं. स्टेअरिंगकडून तो पांढऱ्या कपड्याईतला उतरला. तुमी डाव्या बाजूनं उतरले."

"मग तुमी सांगतलं कावून नाई?"

"सांगतलं नं. ते म्हने, ड्रायवरनं सवता कबूल केलं. मंग माहं कोन ऐकन?"

माझ्या एका सहीने तिचं तोंड बंद केलं होतं. मी समजत होतो, माझंच नुकसान झालं. तिच्यावरही अन्याय झाला होता, आणि त्यात माझा हात होता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या खाटेजवळ उभं राहून समजलं.

कोर्टाच्या आवारात गरिबांना मोफत वकील मिळतो. मला एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी कागद वाचले. "कबूल केलं तर नुसता दंड नाही, जेलही होऊ शकते. शिक्षेची नोंद राहील. कोणी स्टेअरिंग हातात देणार नाही. पण आता खरं बोललात, तर पोलिसांना खोटं सांगितल्याचं तुमच्यावर येऊ शकतं. विचार करा."

विचार झाला होता.

तारखेला पुकारा झाला. साहेबांचा वकील मागच्या बाकावर होता. त्याने मान हलवली. म्हण कबूल.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही. गाडी मी चालवत नव्हतो. दारू मला अपघातानंतर पाजली. पोलिसांना मी खोटं सांगितलं. तेवढं कबूल आहे."

न्यायाधीशांचा लिहिणारा हात थांबला. "परत सांगा."

मी परत सांगितलं. आणखी मोठ्याने.

दुसऱ्याच आठवड्यात बायकोचं खिचडीचं काम गेलं. मुलीला आम्हीच त्या शाळेतून काढलं. मी आता जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलतो. खांदे सुजतात. साहेबांनी दोनदा माणूस पाठवला. त्याला मी दारातूनच सांगितलं, "जे बोलायचं ते कोर्टात बोला."

केस चालू आहे. काय निकाल लागेल, मला माहीत नाही. त्या बाई कुबडी घेऊन साक्षीला येणार आहेत. मीही उभा राहणार, साहेबांच्या समोर, त्यांचं नाव घेऊन. खोटं बोलल्याची शिक्षा झाली तर ती माझी. ती मी भोगीन. त्यांची शिक्षा मी भोगणार नाही.